पुन्हा पहिला अंक : काही नव्या अमेरिकन चित्रकथांविषयी

क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कृतीविषयी ती पूर्ण होण्यापूर्वीच मत द्यावे की नाही, हा प्रश्न मराठी वाचकास नवा नाही. हरिभाऊ आपटे यांच्या कादंबऱ्या 1890 पासून 'करमणूक' पत्रातून प्रकरणशः येत असत, आणि पुढील अंकाची वाट पाहणारा वाचक मागील अंकाविषयी काहीच मत बनवीत नसेल असे मानणे कठीण आहे. फरक इतकाच की ते मत घरच्या ओसरीवर राही. त्याला टीकेची प्रतिष्ठा कोणी देत नसे. अमेरिकेतील मासिक चित्रकथांच्या बाबतीत स्थिती निराळी आहे. तेथे नवे अंक बुधवारी दुकानात येतात. सुमारे वीस पृष्ठांची एक कथा, तीही बहुधा अपुरी. आणि तो दिवस मावळण्यापूर्वी त्या वीस पृष्ठांस दहांपैकी किती गुण द्यावयाचे हे ठरूनही गेलेले असते. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांनाही या वेगाचे नवल वाटावे.

अशा मतांची सामान्य घडण एकदा पाहून ठेवण्यासारखी आहे. प्रथम कथानकाचा सारांश येतो. नंतर प्रस्तुत घटना पूर्वीच्या अंकांतील घटनांशी जुळते की नाही, याची चिकित्सा होते. हा भाग बहुधा सर्वांत मोठा असतो. अखेरीस चित्रे सुंदर आहेत किंवा नाहीत, असे एक वाक्य. ज्या कलाप्रकारात चित्र हेच निवेदन आहे त्या प्रकाराच्या परीक्षणात चित्राच्या वाट्यास एकच वाक्य यावे, ही गोष्ट विचित्र वाटली तरी अनाकलनीय नाही. या वाचकाचे शिक्षण जुन्या अंकांच्या पत्रव्यवहाराच्या पानावर झालेले आहे. 1960 नंतरच्या दशकात मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने एक गमतीदार पारितोषिक सुरू केले होते. कथेतील विसंगती दाखवून, ती विसंगती वस्तुतः विसंगतीच नव्हे असे जो वाचक सिद्ध करील त्यास संस्थेकडून एक पाकीट जाई. पाकिटावर पारितोषिकाचा उल्लेख असे. आत काहीही नसे. आपल्याकडील भाष्यकारांचा विरोधपरिहार ज्यांना परिचित आहे त्यांना या वाचकाची ओळख पटावयास वेळ लागणार नाही. दोन वचने परस्परविरुद्ध दिसली की तिसरे वचन आणून त्यांची एकवाक्यता साधावयाची, हा त्याचा आनंद होय. तो आनंद खोटा नाही. परंतु तो काव्याचा आस्वादही नव्हे.

या एकवाक्यतेचे ओझे दर काही वर्षांनी प्रकाशकांनाच असह्य होते आणि मग सर्व काही पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची घोषणा होते. डीसी या संस्थेने 1985-86 मध्ये तसे केले. 2011 च्या सप्टेंबरात तर तिने एकाच महिन्यात बावन्न मालिकांचे पहिले अंक काढले. मार्व्हलने 2000 मध्ये 'अल्टिमेट' या नावाने आपल्या नायकांचे एक वेगळे विश्व उभारले आणि 2015 मध्ये ते मिटविले. प्रस्तुत लेखात ज्यांचा विचार करावयाचा आहे त्या मालिका या परंपरेतील अगदी अलीकडच्या होत. मार्व्हलची नवी 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' ही मालिका 2024 च्या जानेवारीत सुरू झाली. डीसीच्या 'ॲब्सोल्यूट' या नावाखालील 'बॅटमॅन' व 'वंडर वुमन' या मालिका त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, 'सुपरमॅन' नोव्हेंबरात आणि 'मार्शन मॅनहंटर' 2025 च्या मार्चमध्ये आली. या सर्वांची युक्ती एकच आहे: नायक तोच, परंतु ज्या परिस्थितीमुळे तो नायक झाला ती परिस्थिती काढून घेतलेली. अशा प्रत्येक प्रारंभाच्या वेळी एक विधान ठरलेले असते, ते असे की नव्या वाचकाने येथून आरंभ करावा, पूर्वीचे काही ठाऊक असण्याची गरज नाही. हे विधान तपासून पाहण्याजोगे आहे. माझ्या मते ते बहुतांशी खरे नाही. आणि जेथे ते खरे ठरते तेथेच या मालिकांचे खरे यश आहे.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो आपल्याच वाङ्मयातून येतो. आख्यानाचा श्रोता कथा जाणूनच बसलेला असतो. मोरोपंतांनी एकशेआठ रामायणे रचली असे सांगतात. ती ऐकणाऱ्यास रामाचे पुढे काय होणार ही उत्कंठा मुळीच नव्हती. मग पूर्वज्ञानावर विसंबणे हा दोष कसा? हा आक्षेप योग्य आहे, परंतु त्याचे उत्तरही तेथेच सापडते. त्या एकशेआठांतील पुष्कळशा रामायणांचे आकर्षण रचनेच्या चमत्कृतीत आहे; ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून कथा सांगितली तर ती कशी दिसते हे पाहण्याचे कुतूहल त्यामागे आहे. 'निरोष्ठ' रामायणाचे कौतुक ज्याला ओष्ठ्य वर्ण ठाऊक आहेत त्यालाच. याउलट भासाच्या नावावर असलेले 'ऊरुभंग' घ्या. तेथेही परिस्थिती उलटी केलेली आहे. ज्याचा पराभव व्हावा असे श्रोत्यास वाटत आले तो दुर्योधन तेथे शोकाचा आलंबन होतो. महाभारत जाणणाऱ्यास या उलटापालटीचा धक्का बसतो हे खरे. परंतु लहानगा दुर्जय बापाच्या मांडीवर बसावयास येतो आणि मांड्या भंगलेल्या बापाला त्याला बसवून घेता येत नाही, हा प्रसंग समजण्यास महाभारत वाचलेले असण्याची आवश्यकता नाही. पुनर्कथनातील जो बदल स्वतःच्या प्रसंगातून स्वतःचे दुःख उभे करतो तो बदल सार्थ. जो केवळ वाचकाच्या स्मरणातील मूळ प्रतीशी ताडून पाहिल्यावरच अर्थ देतो तो वर्ण वर्ज्य करण्याचाच प्रकार.

ही कसोटी मनात धरून मी एक लहानसा प्रयोग केला. तो शास्त्रीय नव्हे आणि त्यावरून कोणी सिद्धान्त काढू नये. आमच्या घरी माझ्या आत्या असतात. चातुर्मासात श्रीधरांचा 'पांडवप्रताप' वाचणे हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम आहे आणि स्पायडर-मॅन हे नाव त्यांनी नातवंडांच्या दप्तरावरील चित्रापलीकडे कधी ऐकलेले नाही. या मालिकांचे आरंभीचे अंक मी त्यांच्यापुढे ठेवले आणि फुग्यांतील मजकूर मराठीतून सांगत गेलो. चित्रे त्यांची त्यांनी पाहिली.

'बॅटमॅन'ने आरंभ केला. 1939 मध्ये बॉब केन व बिल फिंगर यांनी निर्माण केलेला हा नायक आरंभापासून धनाढ्य आहे. आईबापांचा डोळ्यांदेखत झालेला खून आणि वारशाने आलेली अमाप संपत्ती या दोन गोष्टींवर त्याचे सारे चरित्र उभे आहे. स्कॉट स्नायडर यांच्या नव्या कथेत संपत्ती नाही. वडील शिक्षक होते. विद्यार्थ्यांना सहलीस घेऊन प्राणिसंग्रहालयात गेले असता तेथील गोळीबारात ते मारले गेले. आई हयात आहे. मुलगा मोठा होऊन अभियंता झाला आहे, आणि नगराच्या बांधकामांचे त्याला असलेले ज्ञान हीच त्याची संपत्ती. निक ड्रॅगोटा यांनी त्याचा देह अवाढव्य काढला आहे. खांदे चौकटीत मावत नाहीत, आणि छातीवरील वटवाघळाचे चिन्ह उपटून काढले की तीच कुऱ्हाड होते. पाने आवेगाने भरलेली आहेत. अंक हातातून खाली ठेववत नाही हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

हे सर्व ऐकून आत्यांनी विचारले, "अरे, याचे वडील श्रीमंत नव्हते यात विशेष ते काय? कितीकांचे नसतात." मला उत्तर सुचले नाही. किंबहुना त्या प्रश्नातच या मालिकेची मर्यादा सांगून झाली. नायकाचे बालमित्र म्हणून जी नावे येतात ती मूळ मालिकेतील प्रसिद्ध खलनायकांची आहेत. जाणता वाचक ती वाचून शहारतो, अजाण्यास ती नुसती नावे. एक अतिश्रीमंत मनुष्य कधीच हसत नाही, असे मोठ्या गांभीर्याने सुचविले जाते. ज्याला हसणारा जोकर माहीत नाही त्याला न हसणाऱ्याचे भय कोठून वाटणार? येथे पानापानांवर अर्थ आहे, पण तो पानावर नाही. तो वाचकाच्या कपाटात साठविलेल्या जुन्या अंकांत आहे. मात्र एका ठिकाणी आत्या थांबल्या. "हा रात्री बाहेर जातो ते त्या माउलीला ठाऊक आहे का?" एवढेच त्यांनी विचारले. मूळ कथेत या प्रश्नाला जागाच नव्हती, कारण माउलीच नव्हती. जिवंत आईपासून स्वतःला लपविणारा मुलगा, हे या मालिकेतील खरे नवे बीज होय, आणि कुऱ्हाडीच्या चर्चेत त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जाऊ नये हे दुर्दैव.

'सुपरमॅन'विषयी थोडक्यातच सांगतो. जेसन आरन यांच्या कथेत नायक तान्हेपणी पृथ्वीवर येत नाही; तो आपल्या ग्रहावरच वाढतो, आणि त्याच्या छातीवरील सुप्रसिद्ध अक्षरचिन्ह ही तेथील श्रमिकांच्या वर्गाची खूण ठरते. कल्पना उदात्त आहे. परंतु शोषण करणारी संस्था, खाणींतील मजूर आणि त्यांचा कैवारी यांची मांडणी इतकी आखीव आहे की व्यक्ती दिसण्यापूर्वीच प्रमेय दिसू लागते. राफा सांदोव्हाल यांची चित्रे त्या प्रमेयास वेग देतात, शंका देत नाहीत.

'वंडर वुमन'ची गोष्ट वेगळी आहे, आणि येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. मूळ नायिका 1941 मध्ये विल्यम मोल्टन मार्स्टन यांच्या कल्पनेतून आणि एच. जी. पीटर यांच्या कुंचल्यातून अवतरली. स्त्रियांच्या स्वर्गतुल्य बेटावर, भगिनींच्या सहवासात वाढलेली राजकन्या. केली थॉम्प्सन यांनी ते बेट काढून घेतले आणि भगिनीही काढून घेतल्या. तान्ही डायना पाताळात आणून टाकली जाते आणि तिला वाढवावयाचे काम येते सर्सी या शापित मांत्रिकिणीकडे. मुलीच्या जमातीचे नाव देखील तिच्या कानी पडू नये अशी देवांची आज्ञा आहे. सर्सीला हे मूल नको असते. पण ज्या मुलुखात सर्व काही भयंकर आहे तेथे हे मूल सापाला खेळण्यासारखे जवळ करते, आणि बाईच्या मनातील पीळ हळूहळू सुटू लागतो.

हा भाग मी आत्यांना सांगत होतो तेव्हा पुढचे पान उलटण्याआधीच त्या म्हणाल्या, "घेणार बघ ती त्या लेकराला." त्यांना हे कसे कळले? मजकुरात तसे काही आलेले नव्हते. ते हेडन शर्मन यांच्या चित्रात आलेले होते. चौकटींची मांडणी शर्मन जवळजवळ शिल्पासारखी करतात; पानाच्या मध्यावर एक मोठी आकृती आणि तिच्या कडेने लहान चौकटी, जणू देवळाच्या मंडोवरावरील मूर्ती. जेथे कथा मायेची आहे तेथे चौकटी जवळ येतात, जेथे ती युद्धाची आहे तेथे फुटतात. रंगयोजना जॉर्डी बेलेअर यांची आहे, आणि पाताळाचा तांबडा रंग भयाचा असूनही घराच्या चुलीतील विस्तवासारखा ऊबदार व्हावा, हे काम रंगाने केले आहे, शब्दाने नव्हे. पुढे ही मुलगी मोठी होते आणि पाताळात येऊन पडलेल्या एका माणसाला भूलोकी परत पाठविता यावे म्हणून स्वतःचा एक हात देऊन टाकते. 'ऊरुभंगा'तील मांडीची आठवण मला येथे झाली. नायिकेचे मूळ चरित्र ठाऊक असो वा नसो, जिला कोणी काही दिले नाही तिने देणे, हा प्रसंग आपल्या पायांवर उभा राहतो. भगिनींविना वाढलेली नायिका ही येथे वर्ज्य केलेला वर्ण राहत नाही. ती एकाकी मुलगी होते.

या मालिकेतही उणीव नाही असे नव्हे. वर्तमानकाळातील राक्षसयुद्ध लांबते, आणि बालपणीची कथा त्याच्या मधूनमधून पेरल्यामुळे युद्ध हे केवळ निमित्त वाटू लागते. दर महिन्यास एक झुंज दाखविलीच पाहिजे, हा मासिकाचा धर्म येथे आडवा आला असावा.

'मार्शन मॅनहंटर' हे पात्र 1955 चे, म्हणजे वरील मंडळींच्या मानाने उशिराचे आणि कायम दुय्यम. मंगळावरून पृथ्वीवर येऊन पडलेला आणि गुप्तहेराच्या वेषात राहणारा हिरवा मनुष्य, एवढीच त्याची ओळख. डेनिझ कँप यांनी मंगळवासी व गुप्तहेर यांना वेगळे केले आहे. जॉन जोन्स हा साधा मनुष्य, सरकारी तपासखात्यातील अधिकारी. एका स्फोटातून तो वाचतो आणि त्यानंतर त्याच्या मनात कोणी परका येऊन राहतो. तेव्हापासून इतरांची मने त्याला रंगीत धुराच्या रूपाने दिसू लागतात. कथा एवढीच सांगितली तर ती सामान्य वाटेल. ती सामान्य नाही याचे श्रेय हाविएर रॉद्रिगेझ यांच्याकडे जाते. रेखा त्यांची, रंगही त्यांचेच. हे मुद्दाम सांगावयाचे कारण असे की या व्यवसायात रेखा एकाची, शाई दुसऱ्याची आणि रंग तिसऱ्याचा अशी वाटणी रूढ आहे, आणि परीक्षणांत रंग भरणाऱ्याचे नाव पुष्कळदा येतही नाही. येथे रंग काढून घेतला तर कथाच नाहीशी होईल. मनुष्य एक बोलतो आणि त्याच्या डोक्यावरून निघणारा धूर दुसरेच बोलतो. शब्द व रंग यांच्यातील हा विरोध म्हणजेच या मालिकेचे निवेदन. स्कॉट मक्लाउड यांनी 1993 च्या आपल्या ग्रंथात चित्रकथेचे मर्म दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टीत शोधले. वाचक ती पट्टी आपल्या कल्पनेने भरतो, असे त्यांचे प्रतिपादन. रॉद्रिगेझ यांचा धूर त्या पट्ट्याही ओलांडतो. एका चौकटीतील माणसाचे दुःख दुसरीत झिरपते, आणि चौकट ही माणसामाणसांतील भिंत होती हे ती मोडल्यावर लक्षात येते.

आत्यांनी धुराविषयी एकदा विचारले, मी सांगितले; त्यानंतर त्यांना माझी गरज उरली नाही. गर्दीच्या चित्रावर बोट ठेवून त्या, हा रागावला आहे, ही कशाला तरी भ्याली आहे, असे स्वतःच सांगू लागल्या. मूळच्या हिरव्या माणसाविषयी त्यांनी अवाक्षर विचारले नाही आणि मलाही ते सांगावेसे वाटले नाही. आरंभी सहा अंकांची ठरलेली ही मालिका पुढे बारा अंकांपर्यंत वाढविण्यात आली. अशी वाढ बहुधा कथेच्या मुळावर येते. पण ज्या मालिकेचे कथानक घटनेत नसून दृष्टीत आहे तिला ती पचावी, असे वाटते.

'स्पायडर-मॅन' मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याच्याविषयी माझे मत अद्याप स्थिर झालेले नाही. 1962 मध्ये स्टॅन ली व स्टीव्ह डिटको यांनी निर्माण केलेल्या मूळ कथेत एका पोरसवदा विद्यार्थ्यास कोळी चावतो, त्याला सामर्थ्य येते, आणि त्याच्या बेपर्वाईमुळे मोकळा सुटलेला चोर त्याच्याच काकांचा खून करतो. त्या अपराधभावनेतून नायक जन्मतो. जोनाथन हिकमन यांच्या कथेत कोळ्याचा दंश योग्य वेळी होऊच दिला गेलेला नाही. एका खलपुरुषाने तो टाळला आहे. पीटर पार्कर पस्तिशीच्या घरात आला आहे. मेरी जेन ही त्याची पत्नी, दोन मुले, वर्तमानपत्रातील नोकरी. काका हयात आहेत. काकू मात्र नाहीत. आपले काहीतरी हुकले आहे, ही एक अस्पष्ट हुरहूर त्याला लागलेली आहे. मग एके दिवशी ते हुकलेले दान त्याच्यापुढे ठेवले जाते: कोळी हवा असल्यास चावून घे.

अपराधाच्या जागी निवड आली, हा बदल क्रांतिकारक आहे. आत्यांचे मत मात्र प्रतिकूल पडले. "चांगला संसार चालला आहे, पोरेबाळे आहेत, याला कोणी सांगितले होते?" जाणता वाचक असे म्हणणार नाही, कारण पीटर पार्करने स्पायडर-मॅन होणे हे त्याच्या लेखी ऋतचक्रासारखे अटळ आहे. म्हणजे नायकाच्या निवडीला जे समर्थन लागते ते कथा पुरवीत नाही. ते 1962 पासूनचे जुने अंक पुरवितात. 'बॅटमॅन'मध्ये जो दोष ठळक होता तो येथे सूक्ष्म रूपाने आहे. तरीही हा प्रश्न विचारला जावा अशी परिस्थिती कथेने निर्माण केली, हे विसरता येत नाही. चाळिशीकडे झुकलेल्या मनुष्याने, मुले निजल्यावर, आपले आयुष्य वेगळे असावयास हवे होते असे म्हणणे, ही अनुभूती कोणाही प्रौढ वाचकास परकी नाही. मूळ मालिका कुमारांची होती. ही त्यांच्या बापांची आहे.

या मालिकेचा आणखी एक विशेष आहे, आणि त्याची दखल गुणांकात कधीच येत नाही. अमेरिकन चित्रकथेचे नायक वयाने वाढत नाहीत. बॅटमॅनला ऐंशीहून अधिक वर्षे झाली, तो तिशीतच आहे. मराठी वाचकास या स्तब्धतेची तितकीशी सवय नाही, कारण त्याने 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्समधून जो नायक वाचला तो वेताळ. ली फॉक यांच्या या नायकाने काळाचा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडविला होता: वेताळ मरतो, पण मुखवटा मरत नाही, बापामागून मुलगा तो धारण करतो, आणि अरण्यातील लोक त्याला अमर समजतात. प्रस्तुतचा वेताळ एकविसावा. वंशपरंपरा ही आपल्या मनाला पटकन उमजणारी गोष्ट असल्यामुळे की काय, आम्हा मुलांना त्यात काही नवल वाटले नाही. हिकमन यांनी तिसरा मार्ग काढला. त्यांच्या कथेत दोन अंकांच्या मध्ये एक महिना जातो, जसा तो वाचकाच्याही आयुष्यात जातो. नायक अननुभवी आहे, महिन्यामहिन्याने शिकतो. आणि त्याचे गुपित त्याच्या लहानग्या मुलीस प्रथम कळते. खंडशः प्रकाशन हा येथे नाइलाज राहत नाही. तो कथेच्या घाटाचाच भाग होतो. एकत्र बांधलेल्या खंडात ही मालिका जो वाचील त्याला हा महिना मिळणार नाही, आणि म्हणून या एका कृतीविषयी अंकागणिक मत देणे मला अयोग्य वाटत नाही.

मार्को केक्केत्तो यांची चित्रे या मालिकेला लाभली आहेत. चौथा अंक मात्र डेव्हिड मेसिना यांनी काढला आहे. त्या अंकात दोन दांपत्ये उपाहारगृहात जेवावयास बसतात आणि बोलतात. मारामारी हवी असलेल्या वाचकास येथे काहीच घडत नाही असे वाटेल. मला तो अंक या साऱ्या पहिल्या अंकांच्या गर्दीत सर्वांत धाडसी वाटला. चेहरे, पेले, हातांची ठेवण, कोण कोणाकडे पाहते आणि कोण पाहावयाचे टाळते, एवढ्यावर वीस पृष्ठे तोलून धरली आहेत. आत्यांनी तो अंक पुरा पाहिला, मध्ये एकदाही काही विचारले नाही, शेवटी चष्मा काढून ठेवताना म्हणाल्या, "त्या दुसऱ्या जोडप्याचे काही खरे नाही." तो दुसरा गृहस्थ मूळ कथेत कोणाचा मुलगा आणि त्याचे पुढे काय होते, हे मी त्यांना सांगितले नाही.